टूलबॅग कपाटात बंद करून काय साधलंत?

प्रश्न : माझा मुलगा 21 वर्षांचा आहे. बारावी सायन्सला 56 टक्के मिळाले. बीएस्सी आयटीला घातला, पण दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले आणि त्याने कॉलेज सोडलं. गेलं दीड वर्ष तो वाशीच्या एका डीलरकडे कामाला आहे. दुकानांत, हॉटेलांत बिलिंगची मशिनं बसवायची आणि बिघडली की जाऊन दुरुस्त करायची. पगार 14,000, तोही रोख. पेट्रोलचे वेगळे. रात्री-बेरात्री फोन येतात. गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या रात्री तर तो घरीच आला नाही. आता सगळं यूपीआयवर चाललंय, ही मशिनं किती दिवस टिकणार? मी एका एजंटामार्फत इंजिनिअरिंगची मॅनेजमेंट कोट्यातली जागा बघितली आहे. 25,000 दिले, बाकीचे पीएफमधून काढणार आहे. तो नाही म्हणाला, म्हणून मी त्याची टूलबॅग कपाटात कुलूप लावून ठेवली आणि मालकाला फोन करून तो येणार नाही असं सांगून टाकलं. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. पुतण्याच्या लग्नात नातेवाइकांनी विचारलं तेव्हा ‘ऐरोलीला आयटीत आहे’ असं सांगायची वेळ आली, तोही शेजारीच होता. त्याला तुम्हीच चार गोष्टी समजावून सांगा.
— एक वडील, कळवा

उत्तर : समजावून सांगायच्या चार गोष्टी आहेत, पण त्या तुम्हाला सांगायच्या आहेत. मार्कांचं आणि राहिलेल्या विषयांचं नंतर बघू. आधी त्या लग्नाबद्दल बोलू.

तो शेजारी उभा होता. दीड वर्ष ऊनपावसात बाइकवर फिरून जे काम तो शिकला, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, हे त्याने त्या दिवशी स्वतःच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात. तो पुढे गेला असेल असं मला वाटत नाही. चार दिवसांच्या अबोल्याचं कारण तुम्ही टूलबॅगेत शोधताय, मला ते त्या मांडवात दिसतंय. नातेवाईक काय म्हणतील ही धास्ती मी रोज बघते. ठाणे काय, नवी मुंबई काय, घराघरात आहे. पण त्या धास्तीपायी मुलाला त्याच्याच देखत खोटं ठरवायचं, हे मला पटत नाही.

मालकाला केलेला फोन तर त्याहून वाईट. मुलगा 21 वर्षांचा आहे. त्याची नोकरी तुम्ही परस्पर सोडलीत. या धंद्यात डीलर एकमेकांना ओळखतात. वाशीतला मुलगा उद्या ठाण्यात कामाला गेला तर नवा मालक जुन्याला फोन लावतोच. ‘चांगला होता, पण एक दिवस अचानक यायचा बंद झाला’ हे वाक्य त्याच्या नावामागे लागलं तर ते पुसायला वेळ लागेल. आणि त्या बॅगेतला मल्टिमीटर, क्रिम्पिंग टूल, छोटे स्क्रू ड्रायव्हर ही अशा मुलांनी बहुतेक वेळा स्वतःच्या पगारातून जमवलेली हत्यारं असतात. आजच कुलूप काढा आणि बॅग त्याच्या हातात द्या. बाकीचं मग.

आता ती घटस्थापनेची रात्र. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 वर आले, तूप 12 वरून 5 वर. म्हणजे सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आत यायच्या आधी प्रत्येक दुकानाच्या सिस्टीममध्ये हजारो वस्तूंचे दर बदललेले हवे होते. रविवारी रात्री शटर पडल्यावर बॅकअप घ्यायचा, नवे दर चढवायचे, ते एकूण एक काउंटरवर पोचलेत का ते पाहायचं, चाचणीची बिलं काढायची, कर बरोबर लागतोय का हे हाताने हिशेब करून पडताळायचं. एखादा काउंटर जुन्याच दराने बिल फाडत बसला तर सकाळी गिऱ्हाइकाशी भांडण आणि महिनाअखेरीस सीएशी. तुमचा मुलगा त्या रात्री घरी का आला नाही, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

तुमच्या मनात त्याच्या कामाचं चित्र ‘मशीन उघडायचं, स्क्रू पिळायचा’ एवढंच आहे, म्हणून एक साधा कॉल कसा असतो ते सांगते. घोडबंदर रोडवरचं एखादं हॉटेल. शनिवारी रात्री ऐन गर्दीत किचनमधला प्रिंटर गप्प होतो. बाहेर वेटर ऑर्डर घेतायत, आत आचाऱ्याच्या हातात केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठीच पडत नाही. मालक फोनवर ओरडतो, ‘प्रिंटर गेला, नवा घेऊन या.’ मुलगा पोचतो. प्रिंटर बंद करतो, फीडचं बटण दाबून धरून चालू करतो. चाचणीची चिठ्ठी बाहेर येते, म्हणजे प्रिंटर धडधाकट आहे. त्या चिठ्ठीवर प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, छापलेला असतो. तो बिलिंगमध्ये भरलेल्या पत्त्याशी ताडून पाहिला की चोर सापडतो. संध्याकाळी लाइट गेली होती, राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा पत्ता देऊन टाकला. सॉफ्टवेअर अजून जुन्याच पत्त्यावर ऑर्डरी पाठवतंय. मग प्रिंटरला कायमचा पत्ता बांधून द्यायचा, दोन केओटी काढून बघायच्या आणि निघायचं. पाच-दहा मिनिटांचं काम, पण ते कुठे शोधायचं हे माहीत असलं तर. काही किचनमध्ये मुद्दाम रिबनचा, खडखड वाजणारा प्रिंटर ठेवतात, कारण उष्णतेने अक्षरं उमटणारा थर्मल कागद शेगडीच्या धगीने काळा पडतो आणि त्या गोंगाटात प्रिंटर वाजलेला ऐकू यावा लागतो. कुठल्या जागी कुठलं मशीन टिकेल, हे जागेवर उभं राहूनच कळतं. लक्षण बघायचं, एकेक शक्यता बाद करायची, मूळ कारण शोधायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनही ज्यांना हे जमत नाही अशी मुलं माझ्याकडे येतात.

यूपीआयमुळे ही मशिनं संपणार, हा तुमच्यासारखाच बऱ्याच पालकांचा समज आहे, तो एकदा नीट काढून टाकू. यूपीआय पैसे देण्याची सोय आहे. बिल बनवणं हे वेगळं काम. गिऱ्हाइकाने नोट दिली, कार्ड दिलं की क्यूआर स्कॅन केला, याने काउंटरवरच्या बाकी कशातच फरक पडत नाही. बारकोड वाचावाच लागतो, स्टॉक कमी व्हावा लागतो, कर लावावा लागतो, वजनकाट्याचा आकडा बिलात यावा लागतो, बिल छापावं लागतं. यूपीआय 2016 साली आलं. त्यानंतरच्या वर्षांत गोखले रोडच्या आणि नेरूळ-सीवूड्सच्या दुकानांत मशिनं कमी झाली की वाढली, हे तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. ज्या वाण्याकडे पूर्वी नुसती वही होती त्याच्याकडेही आज स्कॅनर आणि छोटा प्रिंटर दिसतो. हो, रोकड कमी झाली म्हणून गल्ल्याचे, म्हणजे कॅश ड्रॉवरचे कॉल कमी होतील. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. काउंटरवरच्या कितीतरी जुन्या पीसींवर विंडोज 11 चढतच नाही, ते हळूहळू बदलावे लागणार आहेत. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिथे चहा-वडापावचा काउंटर उघडला तरी त्याला मशीन लागणार, ते बसवायला माणूस लागणार, आणि पहाटे बंद पडलं तर पोचणारा माणूसही लागणार. कामाला तोटा नाही.

तोटा आहे तो कागदांचा. काळजी तुम्ही करताय, पण नको त्या गोष्टीची. पगार रोख. म्हणजे बहुधा नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. उद्या दुसरीकडे अर्ज केला तर दीड वर्षाच्या अनुभवाचा पुरावा काय दाखवणार? डीलरकडे 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो, 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा आहे. भर पावसात शिळफाट्यावर बाइक घसरली तर दवाखान्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न बापाने विचारायचा असतो. त्याने मालकाकडे नेमणूकपत्र मागावं, पगार बँकेत मागावा आणि अपघात विम्याचं विचारावं. मालक टोलवत राहिला तर दीड वर्षाच्या अनुभवावर दुसरी, रीतसर कागद देणारी कंपनी शोधावी. हे काम जाणणाऱ्या मुलाला ती सापडते.

एक गोष्ट त्याला निक्षून सांगा. वजनकाट्याचं सील तोडायचं नाही. काटा बिलिंगला जोडणं, केबल बदलणं, सेटिंग करणं ठीक. पण काटा उघडून दुरुस्त करायला 2009 च्या वैधमापन कायद्याखाली परवाना लागतो. एपीएमसीतला एखादा व्यापारी ‘जरा उघडून बघ रे’ म्हणाला तरी नाही म्हणायचं, कारण निरीक्षक आला तर नाव याचं पुढे येईल. कार्डाच्या स्वाइप मशीनचंही तसंच. ते उघडलं की आतल्या गुप्त किल्ल्या आपोआप पुसल्या जातात आणि मशीन निकामी होतं. ते ज्या बँकेचं किंवा कंपनीचं आहे त्यांनाच बोलवायचं.

हे काम कष्टाचं आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. मॉलमधलं इन्स्टॉलेशन रात्री मॉल बंद झाल्यावर सुरू होतं. दिवाळीत बाकीचे फराळाला बसतात तेव्हा याचा फोन सर्वांत जास्त वाजतो. आणि नुसते प्रिंटरचे हेड पुसत आणि कटरमध्ये अडकलेला कागद काढत तो तिशीला पोचला तर पगार फारसा हलणार नाही. म्हणून याच कामातून वर जायची वाट त्याने आत्ताच धरायला हवी. पहिलं, डेटाबेस, म्हणजे दुकानाच्या सगळ्या नोंदी जिथे साठतात ते. बरीच बिलिंग सॉफ्टवेअरं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात आणि दुकानांत सर्रास असलेल्या जुन्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. ती भरली की एका सकाळी दुकानात नवं बिलच बनत नाही आणि कुणाला काही कळत नाही. ज्या मुलाला बॅकअप, रिस्टोअर आणि साध्या क्वेरी (डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायच्या सूचना) येतात, तो अशा वेळी दुकान उभं करतो. बीएस्सी आयटीच्या अर्धवट अभ्यासातलं हेच नेमकं कामी येईल. दुसरं, नेटवर्क. सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची एकच परीक्षा आहे, त्याआधी हवं तर कॉम्पटिया ए-प्लस या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या प्रमाणपत्राच्या दोन. क्लासच्या जाहिरातींना भुलू नका, आधी घरी अभ्यास करू दे. या दोन गोष्टी आल्या की तो एका दुकानाऐवजी साखळी दुकानांचे काउंटर लांबून सांभाळू शकतो. पदवीचा कागद हवाच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून घेता येतो, किंवा ते दोन विषय काढता येतात का हे त्याने कॉलेजात जाऊन विचारावं. त्याला स्वतःला इंजिनिअर व्हावंसं वाटलं तर सीईटी द्यावी आणि सरळ प्रवेश प्रक्रियेतून जावं.

एजंटाची जागा विसरा. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवरचे पैसे, घ्यायला 1987 च्या कायद्याने बंदी आहे आणि संस्थेच्या कोट्यातल्या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या असतात. 25,000 ची पावती एजंटाकडे लेखी मागा. दिली तर त्यावर कोणाचं नाव आहे ते बघा, नाही दिली तर कॉलेजच्या कार्यालयात जाऊन हा माणूस त्यांचा आहे का ते विचारा. पैसे परत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी पुढचा एक रुपया देऊ नका. पीएफ तुमच्या म्हातारपणाचा आहे. नको असलेल्या कॉलेजात ढकललेला मुलगा पहिल्याच वर्षी पुन्हा बाहेर पडला, तर पैसे गेलेच आणि घरातला अबोला आणखी वाढला, अशी घरं मी पाहिली आहेत.

मालकाला आता तुम्ही पुन्हा फोन करू नका. मुलगाच करेल आणि काय सांगायचं ते तोच ठरवेल. तुम्ही त्याच्याशी बोला, आणि सुरुवात लग्नातल्या त्या वाक्याबद्दल माफी मागून करा. नोकरी, कागदपत्रं, परीक्षा यांतलं काही विचारायचं असेल तर त्याला स्वतःला लिहू द्या, मी त्याला थेट उत्तर देईन. कोणत्या दुकानांचे कॉल तो एकट्याने सोडवतो आणि कुठे त्याला सिनिअरला बोलवावं लागतं, एवढं पत्रात जरूर लिहायला सांगा. पुढे काय शिकायचं ते त्यावरून ठरवता येईल.