नाल्ट्रेक्सोनवर थीसिस करायचा म्हणतेस तर…

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्या वाचनात उत्साहच इतका होता की त्यात विषय शोधावा लागला. एमडी फार्माकॉलॉजीच्या थीसिससाठी तुला 'लो डोस नाल्ट्रेक्सोन आणि ऑटोइम्यून आजार' (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते आजार) घ्यायचंय. व्यसनमुक्तीचं एक जुनं औषध चिमूटभर घेतलं की सांधे, आतडी, थायरॉइड, सगळंच ताळ्यावर येतं असं तू कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंस. आणि सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, तारीख डोक्यावर आलीय. तुझे गाईड वेगळे आहेत, निर्णय त्यांचा आणि तुझा. मी निवृत्त माणूस. पण विचारलंस म्हणून लिहितो, आणि जरा लांबेल.

आधी या औषधाचं माहेर बघून ये. व्हिडिओवाले तिथे जातच नाहीत. नाल्ट्रेक्सोन 1963 साली तयार झालं. अमेरिकेत 1984 मध्ये अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी, रोज 50 मिलिग्रॅम, अशी त्याला मान्यता मिळाली आणि 1994 मध्ये दारूच्या व्यसनासाठीही. काम साधं आहे. स्टँडवर एसटी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं हे ओपिऑइडच्या (अफू आणि तिच्यासारख्या औषधांच्या) रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्यांच्या ठरलेल्या सीटवर, जागा धरतं, स्वतः प्रवास मात्र करत नाही. मागून हेरॉइन येवो की कोडीन, बसायला जागा नाही, म्हणून नशा चढत नाही. फरक एवढाच की हा रुमाल आधी बसलेल्यालाही उठवतो. अंगात ओपिऑइड असताना गोळी दिली तर माणूस काही वेळात तडफडायला लागतो: घाम, उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी. म्हणून 7 ते 10 दिवस ओपिऑइड पूर्ण बंद असल्याची खात्री केल्याशिवाय हे औषध सुरू करत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. काही महिने गोळी घेऊन ज्यानं ती सोडली, त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. तो जुन्याच मापानं पुन्हा नशा करायला गेला तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. हे तुला पाठ असेल, पण थीसिसच्या पहिल्या प्रकरणापुरतं पाठ असणं वेगळं आणि व्यसनमुक्ती ओपीडीत समोर बसून ऐकणं वेगळं. महिनाभर आठवड्यातून एक सकाळ मानसोपचार विभागात जाऊन बस. विषय काहीही ठरो, हे करच.

आपल्या भागात तिथे बहुतेक दारूचेच पेशंट भेटतील. दारूसाठी नाल्ट्रेक्सोनचा पुरावा बऱ्यापैकी आहे. 2006 साली अमेरिकेतला 'कम्बाइन' नावाचा अभ्यास आला, 1383 रुग्णांचा. त्यात नियमित वैद्यकीय पाठपुराव्यासोबत नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांना फायदा झाला. 'पाठपुराव्यासोबत' याखाली रेघ ओढ. नुसती गोळी देऊन घरी पाठवलेल्यांचा तो अभ्यास नव्हता. (जाता जाता: 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती अजून भिंतींवर दिसतात. घरचे लोक आमटीत डायसल्फिरामची (दारूबरोबर अंगावर उलटणाऱ्या औषधाची) पूड कालवतात आणि तो बिचारा वर दारू पितो. मग रक्तदाब कोसळलेला पेशंट कॅज्युअल्टीत. असा कुणी नातेवाईक भेटला तर रागावू नकोस, पण स्पष्ट सांग.)

आता तुझ्या आवडीची बाजू. व्यसनाचं औषध आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध कुणी हवेतून काढलेला नाही. टी लिम्फोसाइट्सवर (प्रतिकारशक्तीच्या पेशींवर) मॉर्फिन आणि एन्केफॅलिन (शरीराचं स्वतःचं ओपिऑइड) यांच्यासाठी रिसेप्टर असावेत असा पुरावा 1979 मध्येच पुढे आला. 1980 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड बिहारी हे डॉक्टर व्यसनी आणि एचआयव्हीबाधित रुग्ण बघत होते. त्यांनी नाल्ट्रेक्सोन अगदी लहान मात्रेत वापरायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियात इयान झॅगॉन प्रयोगशाळेत याच अंगानं काम करत होते. कल्पना अशी: रात्री 4.5 मिलिग्रॅमच्या आसपास घेतलं तर रिसेप्टर काही तासच अडतात, शरीर त्याची भरपाई म्हणून स्वतःची एंडॉर्फिन्स (अंगातलीच ओपिऑइड्स) वाढवतं आणि त्यातून प्रतिकारशक्ती सावरते. पुढे दुसरी कल्पना आली, की हे औषध टीएलआर-4 या दाहाशी निगडित रिसेप्टरवर काम करून मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींचा दाह शांत करतं. दोन्ही कल्पना सुंदर आहेत, आणि मला तिथेच शंका येते. एड्समध्ये प्रतिकारशक्ती खचते, क्रोन्स या आतड्याच्या आजारात ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. दोन्हीकडे हेच औषध चालतं आणि प्रत्येक वेळी 'ते समतोल साधतं' हेच उत्तर येतं. असलं उत्तर कधी चुकूच शकत नाही. जे चुकू शकत नाही त्याची परीक्षा तू घेणार कशी?

त्यापेक्षा माणसांवरचे आकडे बघ. पेनसिल्व्हेनियातच जिल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या 40 रुग्णांवर 12 आठवड्यांची प्लासिबो-नियंत्रित (एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी) ट्रायल केली, 2011 मध्ये ती छापली. आजाराचा स्कोअर किमान 70 गुणांनी उतरलेले रुग्ण औषधाच्या गटात 88 टक्के, प्लासिबोच्या गटात 40 टक्के. तुझ्या मेलमध्ये 88 आहे, 40 नाही. हा 40 आधी लिहायला शिक. दर दहातले चार जण पिठाच्या गोळीवर सुधारले, म्हणजे ओळखीच्या एका पेशंटचं 'मला फरक पडला' आपण किती मोजायचं ते तूच ठरव. शिवाय अवघे 40 रुग्ण. एवढ्यावरून उपचाराची पद्धत बदलत नसते.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या) दोन ट्रायल 2010 मध्ये आल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या छोट्या अभ्यासात मानसिक आरोग्याशी निगडित गुण सुधारले, इराणमधल्या 96 जणांच्या अभ्यासात ठोस फरक दिसला नाही. आणि फायब्रोमायल्जियाची (अंगभर जुनाट दुखण्याच्या आजाराची) गोष्ट तर तुझ्या टेबलावर चिकटवून ठेवावी अशी आहे. (हा ऑटोइम्यून आजार नाही, तुझ्या यादीतून तो काढ.) स्टॅनफर्डच्या जॅरेड यंगर यांच्या 2013 च्या अभ्यासात 31 स्त्रिया होत्या. वेदना नाल्ट्रेक्सोनवर 28.8 टक्के कमी, प्लासिबोवर 18 टक्के. जगभर गाजावाजा झाला. मग डेन्मार्कमध्ये 99 स्त्रियांवर 6 मिलिग्रॅम देऊन नीट बांधलेली ट्रायल झाली, ती 2024 च्या लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजीत आहे. वेदनेत प्लासिबोपेक्षा लक्षणीय फरक नाही. व्हिडिओत ही दुसरी ट्रायल होती का गं?

यंगर यांच्याच अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. औषध घेणाऱ्या स्त्रियांना ठसठशीत स्वप्नं पडत होती, प्लासिबोपेक्षा बरीच जास्त. म्हणजे पेशंटला रात्रीतच कळू शकतं की आपल्याला खरी गोळी मिळालीय. मग ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला कुठली गोळी हे गुपित, कुठे राहिलं? कधी ट्रायल केलीसच, तर शेवटी प्रत्येकाला विचार: तुम्ही कुठल्या गटात होतात असं वाटतं? या एका प्रश्नाला खर्च शून्य, आणि अर्धे लोक तो विचारत नाहीत.

'कंपन्या हे औषध दाबून ठेवतात' हे तुझं वाक्य मी खोडतोय. पेटंट केव्हाच संपलंय, गोळी स्वस्त आहे, म्हणून मोठ्या ट्रायलला पैसा घालायला कुणी कंपनी पुढे येत नाही, एवढं खरं. पण कुणी पैसा घालत नाही म्हणून औषध गुणकारी ठरत नाही. ते तपासायचं राहून जातं, इतकंच.

आता कोल्हापुरात काय होईल ते बोलू. क्रोन्सचे पेशंट तुला थीसिसच्या मुदतीत पुरेसे मिळणार नाहीत. मिळतील त्यातल्या काहींना आतड्याचा टीबी असेल, कारण आपल्याकडे हे दोन आजार एकमेकांचे मुखवटे घालून येतात आणि बायोप्सीनंतरही वाद राहतो. 4.5 मिलिग्रॅमची तयार गोळी सहज मिळत नाही. 50 ची गोळी 50 मिलिलीटर पाण्यात विरघळवून सिरिंजनं साडेचार मिलिलीटर मोजणं घरी ठीक, ट्रायलमध्ये नाही. एकसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूल आणि प्लासिबो लागतील, त्यासाठी फार्मसी कॉलेजची मदत लागेल. शिवाय मान्यताप्राप्त औषध नव्या आजारासाठी वापरायचं तर 2019 च्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीची परवानगी, आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारताच्या ट्रायल नोंदवहीत) नोंदणी. या सगळ्यात तुझं दीड वर्ष जाईल आणि हातात बावीस पेशंट उरतील.

मी म्हणतो, ट्रायल आत्ता करूच नकोस. पिशवी बघ.

म्हणजे असं. संधिवाताच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं: पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. स्ट्रिपा, बाटल्या, पुड्या, चूर्ण, शेजारणीनं दिलेली गोळी, सगळं. मग ती पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि एकेक नोंदवायचं. गारगोटी, चंदगड, गगनबावड्याकडून आलेल्या बाईच्या पिशवीत काय निघतं ते तू एकदा बघच. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट असेल, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी ती रोज घेत असेल. 'आयुर्वेदिक' म्हणून दिलेली बिननावाची पुडी असेल, आणि पेशंटचा चेहरा गोल झालेला असेल. त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय तुला आपोआप यायला हवा. ती एकदम बंद करायला लावलीस तर ॲड्रिनल ग्रंथीचं काम कोसळेल, हेही त्याच क्षणी आठवायला हवं. आणि असेल ट्रामाडॉल, बहुधा पॅरासिटामॉलच्या जोडीनं.

इथे तुझे दोन्ही विषय, व्यसन आणि ऑटोइम्यून आजार, एका टेबलावर येतात. ट्रामाडॉल ओपिऑइड आहे, 2018 पासून ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आहे. पण पेशंटच्या लेखी ती 'दुखायची गोळी'. उद्या याच बाईनं मुलाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ बघून कुठून तरी नाल्ट्रेक्सोन आणलं आणि घेतलं, तर ती बाई विथड्रॉवलमध्ये (वर सांगितलेल्या तडफडीत) जाईल आणि कॅज्युअल्टीत कुणाला पत्ता लागणार नाही की झालं काय. मात्रा कमी असली तरी हा धोका आहे. आपल्या ओपीडीतले किती ऑटोइम्यून रुग्ण नकळत ओपिऑइडवर आहेत, किती दिवसांपासून, त्यातले किती जण गोळी चुकली की बेचैन होतात: हा आकडा मिळाल्याशिवाय इथे नाल्ट्रेक्सोनची ट्रायल आखणंच धोक्याचं. उत्तर 'फार कमी' आलं तरी थीसिस होतो, 'खूप' आलं तरी होतो. मला असे प्रश्न आवडतात.

एक रकाना तंबाखूचा ठेव, आणि तो कंजूषपणे ठेवू नकोस. व्यसन आणि प्रतिकारशक्ती यांचा सगळ्यात पक्का धागा बघायला न्यूयॉर्क नको, तंबाखूच्या निपाणीपर्यंत गेलं तरी पुरे. बिडी-सिगारेटमुळे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा (ऑटोइम्यून संधिवाताचा) धोका वाढतो, विशेषतः रक्तात अँटी-सीसीपी हे प्रतिपिंड सापडणाऱ्या प्रकाराचा, आणि क्रोन्सचा आजार धूम्रपानानं बिघडतो. हे भक्कम आहे. पण आपल्या ओपीडीतल्या बायका बिडी ओढत नाहीत, मिश्री लावतात. पुरुषांच्या गालात मावा. 'तंबाखू: होय/नाही' असा एकच रकाना केलास तर निम्म्या बायका 'नाही' म्हणतील, कारण मिश्रीला त्या व्यसन मानत नाहीत, दात घासणं मानतात. म्हणून मिश्री, मावा, बिडी, सिगारेट, प्रत्येक वेगळं विचार. सासूसमोर विचारू नकोस.

आणि कुणी कबूल केलं की गोळीशिवाय राहवत नाही, तर ती गोष्ट नातेवाइकांना सांगायची नाही. मानसोपचार ओपीडीत पाठवायचं, शक्य तर स्वतः सोबत जाऊन. हे संमतीपत्रकात लिहून ठेव, कमिटी विचारेलच. तिथे ओपिऑइडची सवय सोडवायला बुप्रेनॉर्फिनसारखे उपचार आहेत, हळूहळू कमी करायचे मार्ग आहेत.

हा विषय ऐकून तुझं तोंड पडलं असेल. मैत्रिणी कॅन्सर आणि जीन्सवर काम करतायत आणि आपण पिशव्या उपसायच्या. पण त्या आकड्यावर तुला पुढे खरी ट्रायल उभी करता येईल. तेव्हा मी असलो तर प्लासिबोची चव तपासायला येतो.

कामाचं सांगतो. डाटा गोळा करायला दिवाळीची वाट बघू नकोस. गळीत हंगाम सुरू झाला की शेतातली माणसं दुखणं अंगावर काढतात. आधी दहा पिशव्या नुसत्या बघून घे, मग फॉर्म तयार कर. उलटं करू नकोस. ओपीडीतल्या सिस्टरना पहिल्या दिवसापासून सामील करून घे, पिशवी आणायची आठवण पेशंटला त्याच करून देणार आहेत. बिननावाच्या पुड्यांचे फोटो पेशंटच्या परवानगीनं काढ, नाव दिसू देऊ नकोस. फॉर्मचा कच्चा मसुदा मराठीत पाठव, इंग्रजी नंतर बघू. रविवारी सकाळी मी घरीच असतो, गाईडना विचारून ये.

तुझा,
सर