लाल रेघ कुठे उमटत नाही

वाचकांचे प्रश्न : लेखन आणि मुद्रितशोधन

प्रश्न : ताई, मी परळला राहते. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या घराने काय काय पाहिलं ते लिहायला घेतलं आणि बघता बघता दोनशे पानं झाली. थोडं मोबाइलवर, थोडं मुलाच्या लॅपटॉपवर टाइप करते. शाळा सुटून चाळीस वर्षं झाली, ऱ्हस्व-दीर्घ विसरले आहे. मुलगा म्हणतो, एखादं चांगलं सॉफ्टवेअर विकत घे, एका बटणात सगळं शुद्ध होईल. कोणतं घेऊ? वडील घरात मालवणी बोलायचे, ते तसंच ठेवायचं आहे.

उत्तर : दोनशे पानं लिहून झाली आहेत, म्हणजे अवघड काम तुम्ही केलेलंच आहे. त्या पानांसाठी इतक्यात काहीही विकत घेऊ नका.

जाहिरातीत दिसणारी ग्रामरली, प्रोरायटिंगएड ही सॉफ्टवेअर इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी घडलेली आहेत. लँग्वेजटूल पुष्कळ भाषा तपासतं, त्यात तमिळही आहे. पण त्याच्या व्याकरणतपासणीत मराठी नाही. मराठीसाठी तुमच्यासमोर खरे पर्याय दोन. मायक्रोसॉफ्ट वर्डमधली मराठी तपासणी आणि फुकट मिळणारं लिब्रेऑफिस, ज्याला मराठी शब्दसंग्रह जोडता येतो. दोन्ही शब्द तपासतात. वाक्य तपासत नाहीत. हा फरक मनात पक्का बसला की निम्मा गोंधळ मिटतो.

लिब्रेऑफिसच्या आत हन्स्पेल नावाची यंत्रणा चालते. ती मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाली, कारण तिथेही आपल्यासारखे प्रत्यय एकावर एक चढतात. ‘घर’वरून आपण ‘घरात’, ‘घरातला’, ‘घरातल्यांनाही’ असे करत जातो. हे सगळे शब्द कोणी यादीत घालत बसत नाही. एका फाइलमध्ये मूळ शब्द असतात आणि दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्यय लागण्याचे नियम. म्हणून मराठी शब्दतपासणी किती चांगली, हे शब्दांच्या संख्येपेक्षा नियम किती नेटके बसवलेत यावर ठरतं. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, ‘वकील’चं ‘वकिलाला’ होतं; पण ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. तिन्ही शब्द कानाला सारखे, नियम मात्र वेगळे. सॉफ्टवेअरला हे कोणीतरी शब्दागणिक सांगून ठेवलेलं असावं लागतं.

मी गिरगावात एका छापखान्यात ३१ वर्षं प्रुफं वाचली. निवृत्तीनंतर पुतण्याने संगणक दिला, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. मी एक पान तयार केलं. त्यात मुद्दाम दहा चुका पेरल्या, सगळ्या माझ्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलेल्या. ‘गरीबाला’, ‘परिक्षा’, ‘आशिर्वाद’, ‘सुरवंंट’मधला दोनदा पडलेला अनुस्वार. या चार ठिकाणी लाल रेघ आली. उरलेल्या सहा चुका अशा होत्या :

‘त्या मुळे गिरणी बंद पडली.’ ‘माझ्या साठी चहा ठेव.’ ‘मानेची शिर आखडली.’ ‘स्वातंत्र्यदिन’ असं जोडून न लिहिता ‘स्वातंत्र्य दीन’. ‘तिने भाकरी खाल्ला.’ ‘आई म्हणाला.’

एकाही ठिकाणी रेघ नाही. आणि सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे. ‘त्या’ शब्द आहे आणि ‘मुळे’ही शब्द आहे, झाडाची मुळे. ‘साठी’ म्हणजे साठ वर्षं. ‘शिर’ म्हणजे डोकं, ‘दीन’ म्हणजे गरीब. प्रत्येक शब्द सुटा शुद्ध आहे, वाक्य मात्र अशुद्ध आहे. शब्दयोगी अव्यय तोडून लिहिण्याची सवय हल्ली फार वाढली आहे आणि नेमकी हीच चूक तपासणीच्या हातून निसटते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ‘त्या मुळे’ वाचताना वाचक क्षणभर खरोखर झाडाकडे बघतो.

तुम्हीही असंच एक पान करा. माझ्या चुका घेऊ नका, तुमच्या घ्या. पहिल्या वीस पानांवर मुलाला लाल पेन देऊन बसवा, जवळच्या एखाद्या शिक्षिकेला दाखवा, ज्या चुका पुन्हा पुन्हा सापडतील त्या एका पानावर आणा. ते पान वर्डमध्ये टाका, लिब्रेऑफिसमध्ये टाका. ज्यात जास्त सापडतील ते तुमचं. उद्या कोणी नवं काही आणलं तरी हेच पान त्याच्यापुढे ठेवा.

वर्ड वापरणार असाल तर एक खबरदारी. कीबोर्ड हिंदीचा असेल तर वर्ड मजकुरावर हिंदीचा शिक्का मारतं आणि मग ‘चाळ’, ‘नळ’, ‘पाळी’ सगळ्यांखाली लाल रेघा येतात. माणूस घाबरतो, की इतकं अशुद्ध लिहिलं! सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेज, तिथे सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि मराठी निवडा. मगच मोजायला बसा.

आता वडिलांची मालवणी. ‘माका’, ‘खंय’, ‘इलंय’ या प्रत्येकाखाली रेघ येणार. ते शब्द शब्दसंग्रहात टाकत बसू नका, उद्या निवेदनात चुकून ‘माका’ पडलं तर ते निसटेल. मालवणी संवाद निवडा आणि त्याच लँग्वेजच्या खिडकीत ‘शुद्धलेखन तपासू नका’ या अर्थाची चौकट आहे, तिथे खूण करा. लिब्रेऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा ‘नन’ (None) ठेवली की तेच होतं. ‘भोंगा’, ‘खाडा’, ‘बदली’, ‘जॉबर’ हे गिरणीचे शब्द मात्र निवेदनातही येणार. त्यांतल्या ज्याखाली रेघ येईल तो स्वतःच्या शब्दसंग्रहात घाला. पण आधी प्रत्येकाचं एकच लेखन ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

संवादात ‘केलं’, ‘म्हटलं’ ठेवा. पात्राच्या तोंडी बोलण्याप्रमाणे अनुस्वार चालतो, असं नियमच सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. एकूण अठरा. त्यांतले तुम्हाला रोज लागणारे पाच-सहाच आहेत, तेवढे टेबलासमोर चिकटवा. शेजारी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ असू द्या. त्यात शब्दाबरोबर त्याचं सामान्यरूपही दिलेलं आहे, म्हणजे ‘गरिबाला’ की ‘गरीबाला’ याचं उत्तर लगेच मिळतं. सॉफ्टवेअरवर करणार होतात तो खर्च या पुस्तकावर करा.

आणि ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. एका छापखान्यात कोणीतरी ‘कि’च्या जागी ‘की’ करायला सांगितलं आणि पूर्ण पुस्तकात ‘कीती’, ‘कीनारा’, ‘कीराणा’ झालं. मूळ फाइल जपून ठेवलेली नव्हती. चार रात्री बसून मी ते पुस्तक ओळीओळीने परत आणलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक बदल एकेक करून बघते आणि फाइलला तारीख घालून जुनी प्रत ठेवते.

शेवटची तपासणी ऐकून करा. आमच्याकडे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, मी प्रुफावर बोट ठेवून ऐकायची. गळलेला शब्द, दोनदा पडलेला शब्द, ‘आई म्हणाला’ हे कानाला लगेच टोचतं. अँड्रॉइड फोनमध्ये मराठी वाचून दाखवणारा आवाज आहे, तो चालेल. पण मुलगा वाचेल तर फारच छान. आजोबांची भाषा त्यालाही कळेल.

प्रश्न : मी मुलुंडचा, वय २९. जाहिरातींचा आणि कंपन्यांच्या अहवालांचा अनुवाद करतो, इंग्रजी-मराठी दोन्ही बाजूंनी. इंग्रजी शैली तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी भरावी का? मला वाटतं, त्याचे नियम पाळले तर माझं मराठीही सुधारेल. आणि एआयकडून पूर्ण मजकूर दुरुस्त करून घेतला तर?

उत्तर : इंग्रजीसाठी घ्यायला हरकत नाही, पण आधी महिनाभर फुकटची आवृत्ती वापरा. तुमचे तीन जुने अनुवाद त्यात टाका आणि त्याच्या सूचनांपैकी किती स्वीकारल्या, किती नाकारल्या हे मोजा. निम्म्याहून जास्त नाकारल्या तर पैसे भरू नका. भाषा अमेरिकन ठेवलेली नाही ना ते बघा. वर्डमध्ये तर भारतीय इंग्रजीचा वेगळा पर्यायच आहे.

हे नियम मराठीला लावू नका, असं मी कळकळीने सांगते. इंग्रजी सॉफ्टवेअर कर्मणी रचना दिसली की खूण करतं. मराठीत ‘आईने पत्र वाचलं’ हे साधं घरगुती वाक्यच कर्मणी आहे, क्रियापद ‘पत्र’ या कर्माप्रमाणे बदलतं. ते टाळायचं ठरवलं तर भूतकाळात बोलणंच मुश्कील होईल. लांब वाक्याचंही तसंच. आपलं क्रियापद शेवटी येतं, ‘उठून, आवरून, गाडी पकडून’ अशी माळ मराठीला सहज पेलते. माळेत कर्ता मध्येच बदलला तर मात्र वाचक अडखळतो. तिथे वाक्य तोडा. शब्द मोजून तोडू नका.

मराठीचा खरा रोग वेगळा आहे आणि अनुवादात तो सर्वांत जास्त दिसतो : ‘च्या माध्यमातून’, ‘करण्यात आले आहे’, ‘सदर’, ‘च्या संदर्भात’. ‘संस्थेच्या माध्यमातून शिबिराचे आयोजन करण्यात आले’ म्हणजे ‘संस्थेने शिबिर घेतलं’. हे पकडणारं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आधीपासून आहे, शोधाची चौकट. तुमच्या सवयीचे दहा शब्दप्रयोग लिहून ठेवा आणि प्रत्येक अनुवादात एकेक शोधा. एका अहवालात मला ‘माध्यमातून’ एका पानावर सात वेळा सापडलं होतं. त्यातलं एकच ठेवलं, कारण तिथे खरोखर वर्तमानपत्राविषयी लिहिलं होतं.

एआयचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. ‘त्या मुळे’सारख्या चुका ते पकडू शकतं, हे मी पाहिलं आहे, आणि ते मोलाचं आहे. पण न सांगितलेलंही बदलतं. मी एका कथेतला परिच्छेद दिला होता. ‘नळावर रांग लागली होती’ याचं परत आलं ‘पाण्यासाठी नागरिकांची गर्दी झाली होती’. चाळ गेली आणि बातमी आली. म्हणून त्याच्याकडे दुरुस्त मजकूर मागू नका, चुकांची यादी मागा, प्रत्येकीचं कारण मागा, आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने करा. कधी पूर्ण मजकूर घेतलाच तर वर्डमधल्या कंपेअरने दोन्ही प्रती शेजारी लावून प्रत्येक बदल वाचा.

तुमच्या व्यवसायात आणखी एक गोष्ट आहे. इंटरनेटवर चालणाऱ्या तपासणीत मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. प्रसिद्ध न झालेला अहवाल तुम्हाला विश्वासाने दिलेला असतो. ग्राहकाशी झालेला करार आधी वाचा. शंका असेल तर लिब्रेऑफिसची तपासणी वापरा, ती तुमच्या संगणकाबाहेर काही पाठवत नाही.

प्रश्न : दादरच्या एका कॉलेजच्या वार्षिकाचं काम बघतो. मुलांच्या लेखांत ‘दुसऱ्या’, ‘ॲप’ हे शब्द अगदी बरोबर असूनही काहींखाली लाल रेघ येते, काहींखाली नाही. शोधले तर अर्धेच सापडतात. असं का?

उत्तर : दिसायला सारखं असलं तरी आतली अक्षरं वेगळी आहेत. ‘ऱ्य’ दोन प्रकारे तयार होतो : नुक्ता (खालचं टिंब) असलेला ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कोणता येईल हे कीबोर्डवर ठरतं. ‘ॲ’चंही तसंच. काही कीबोर्ड ‘अ’वर चंद्र ठेवतात, काही सबंध ‘ॲ’ देतात. हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं. शब्दसंग्रहात एकच रूप असेल तर दुसऱ्याखाली रेघ येणारच.

एक रूप ठरवा आणि दुसरं बदलून टाका. वर मी ‘सगळे बदला’ नको म्हटलं, पण इथे ते चालेल, कारण या दोन्ही जोड्यांचा दुसरा काही अर्थ होत नाही. बदलताना जोडचिन्हासकट बदला. फक्त ‘र’ आणि हलन्त शोधलंत तर ‘दर्या’चं ‘दऱ्या’ होईल आणि समुद्राची दऱ्याखोरी होतील.

‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिसतात ही तक्रारही नेहमी येते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातली वळणं हवी असतील तर ती फॉन्टमध्ये शोधा, तपासणीचा त्याच्याशी संबंध नाही.

फाइल देण्याआधी डीटीपीवाल्याला विचारा, युनिकोड फॉन्ट वापरणार की जुना. जुना असेल तर मजकुराचं रूपांतर होईल आणि तुमची सगळी तपासणी त्याच्या आधीची ठरेल. रूपांतर झाल्यावर कागदावर प्रूफ मागवा आणि सर्वांत आधी ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द बघा.