जपानी कॉपी गिटार घेताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

1981 ची बर्नी या जपानी ब्रँडची लेस पॉल, म्हणजे अमेरिकेच्या गिब्सनच्या लेस पॉल गिटारची कॉपी, मिळतेय. विकणारा म्हणतो, ही 'लॉसूट' गिटार आहे, म्हणून किंमत जास्त. द्यावी का?

त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. 'लॉसूट' म्हणजे खटला, आणि ज्या कॉप्यांवरून खटला झाला म्हणतात त्यांना विकणारे हे नाव लावतात. मूळ खटला जून 1977 मध्ये फिलाडेल्फियात दाखल झाला. गिब्सनची तेव्हाची मालक नॉर्लिन फिर्यादी होती आणि प्रतिवादी होती एल्जर, म्हणजे आयबनेझ ब्रँडच्या गिटारी विकणाऱ्या नागोयाच्या होशिनो गाक्कीची अमेरिकेतली कंपनी. वाद होता हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, आकाराचा. 1978 मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. आयबनेझने तो आकार खटल्याआधीच बदलायला घेतला होता. बर्नी या सगळ्यात कुठेच नव्हती. तरी 1981 ची बर्नी फार छान असू शकते. लाकूड आणि काम पसंत पडलं, तर त्याचे पैसे जरूर द्या.

ग्रेको या जपानी ब्रँडच्या ईजी-500 मधला 500 म्हणजे काय? आणि जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं का?

500 म्हणजे 50,000 येन, जपानमधली तेव्हाची किंमत. टोकाई या दुसऱ्या जपानी कंपनीची एसटी-60 असेल तर 60,000 येन. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून गिटार कोणत्या दर्जाची ते कळतं, आणि विकणाऱ्याच्या वर्णनापेक्षा मी या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतो.

जुनी म्हणजे चांगली, हे मात्र चूक. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीच्या अनेक लेस पॉल कॉप्यांमध्ये नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मूळ गिटारसारखी चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि फुगीर वरचा भाग आतून पोकळ असतो. बोटाच्या सांध्याने वर हलकेच टकटक करा, पोकळ आवाज लगेच ओळखू येतो. (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅटच्या कॉपीत स्क्रूची नेक असणं योग्यच, मूळ गिटारही तशीच असते.) दशक संपता संपता चित्र पालटलं. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात ग्रेकोची सुपर रिअल मालिका बनू लागली, तर हामामात्सुत टोकाई 1950 च्या दशकातल्या अमेरिकी गिटारींचे बारकावे उतरवत होती. माझ्या मते घ्यायची असेल तर याच काळातली, साधारण 1978 ते 1985 मधली घ्या.

विकणाऱ्याकडे एक फोटो हट्टाने मागा: नेककडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) काढून आतल्या खाचेचा. नेकचं लाकूड बॉडीत किती आत गेलंय, सांध्यात फट आहे का, गोंद नंतर ओतलाय का, हे सगळं त्या एका फोटोत दिसतं. पुढूनचे दहा चकचकीत फोटो हे सांगत नाहीत.

जपानी गिटार आपल्या 230 व्होल्टवर चालेल का?

साध्या इलेक्ट्रिक गिटारला मेनची वीज लागतच नाही. तिथला अँप आणलात तर तो 100 व्होल्टचा असतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

1983 ची स्क्वायर (फेंडरचा ब्रँड) जेव्ही प्रिसिजन बेस गिटार मिळतेय, पण नेक वाकलीय म्हणतात. सोडून द्यावी का?

इतक्यात सोडू नका. टोकाईसारख्यांची स्पर्धा इतकी टोकाला गेली की 1982 मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो या जपानी कंपन्यांसोबत फेंडर जपान सुरू केली आणि काम फुजिगेनला दिलं. जेव्ही हे त्याच पहिल्या काळातले सीरियल नंबर. अशी बेस पुन्हा सहज मिळत नाही.

वाक आणि पीळ यात फरक करा. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकदम दाबून सातव्या फ्रेटपाशी पाहा. तिथे मोठी फट दिसली तर तो वाक, आणि ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, तो बहुधा निघतो. नेकवरून डोळा लावून पाहताना दोन कडा समांतर न दिसता एक खाली झुकलेली दिसली, तर तो पीळ. त्याचा इलाज खर्चिक, अशा वेळी सरळ नाही म्हणा.

या जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये ट्रस रॉडचा नट बॉडीकडच्या टोकाला असतो, नेक काढल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. म्हणून नेक काढून त्या टोकाचा फोटो मागवा. नटाच्या खाचा झिजलेल्या नाहीत ना, हे कळेल आणि लाकडावरचा तारखेचा शिक्काही टिकून असेल तर तपासता येईल. घेतल्यावर नट एका वेळी पाव फेराच फिरवा आणि नेकला एक दिवस द्या, पावसाळ्यात दोन.