मशीनचं नंतर बघू, आधी रिटर्नचं सांगा

प्रश्न: सर, वय ३१, नागपुरात प्रतापनगरला राहतो. मराठी सिनेमे, मधूनमधून सिरीयल एडिट करतो, मुंबईचं काम आता घरूनच. वर्षाला ९ लाखांची बिलं होतात, पैसे तीन महिन्यांनी येतात. साडेतीन लाखांचं एडिटिंगचं मशीन ईएमआयवर घेऊ का? दुकानवाला म्हणतो टॅक्सपण वाचेल. (टॅक्स कंपनीवाले १० टक्के कापूनच देतात, म्हणून चार वर्षांत रिटर्न भरला नाही.) ६० हजार हप्त्याची एक पॉलिसीही आहे.

भाऊ, खरा घोळ त्या कंसात आहे. कापलेला टीडीएस म्हणजे टॅक्स भरून झाला असं नसतं, तो नुसता अ‍ॅडव्हान्स आहे. फिल्म एडिटर व्यावसायिकांच्या यादीत नावानिशी आहे, त्यामुळे कलम ४४एडीएनुसार बिलांच्या निम्मं उत्पन्न धरता येतं (सिरीयलच्या बिलांचं सीएला विचारून घ्या). म्हणजे साडेचार लाख, त्यावर रिबेट (कमी उत्पन्नाला मिळणारी टॅक्सची सूट) लावला की टॅक्स शून्य. कापले ९० हजार, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. मशीन कितीचं म्हणालात?

आयकर अधिकारी घडवणारी अकादमी छिंदवाडा रोडवर, आणि आपल्याच गावच्या माणसाचा रिफंड असा पडून. काहून भरला नाही ते सोडा. मागच्या वर्षाचा रिटर्न ३१ डिसेंबरच्या आत लेट फी देऊन भरता येतो. त्याआधीच्या वर्षांसाठी कोणी 'अपडेटेड रिटर्न टाकून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका, त्यात रिफंड मागताच येत नाही. उशीर माफ करा असा अर्ज आयकर आयुक्तांकडे करावा लागतो, असेसमेंट वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, आणि कारण पटलं तरच मंजूर होतो. व्याज मिळणार नाही. रिफंड मिळाला तर नशीब, पण अर्ज तर करा.

दुकानवाल्याचा टॅक्स? निम्मं उत्पन्न धरल्यावर मशीनचा घसारा (ते जुनं होत जातं त्याची वजावट) वेगळा मिळत नाही, तो खर्च त्या निम्म्यात आलाच. एडिट करताना टाइमलाइन अडकते तर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉप्या) बनवून कापा, ग्रेडिंगला (रंगांच्या कामाला) मशीन भाड्याने घ्या. ईएमआय दर महिन्याला जाणार आणि तुमचे पैसे तीन महिन्यांनी येणार, त्यामुळे आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

पॉलिसीत पाच-सहा टक्के सुटले तरी खूप, आणि कव्हर म्हणजे चेष्टा. एक कोटीचा टर्म प्लॅन साधारण बारा-पंधरा हजारात येतो, तो आधी घ्या, मग ही सरेंडर करायची (मोडायची) की पेडअप (हप्ते थांबवून तशीच ठेवायची) ते बघू. एजंट मावसभाऊ असेल तर वाईट वाटेल, वाटू द्या.

आज रात्री पोर्टलवरून चारही वर्षांचं २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) काढा. ज्या कंपनीने टीडीएस कापला पण तिथे दिसत नाही, तिच्या अकाउंट्सवाल्याला सकाळीच फोन लावा.