आणखी दहा मुलं

चि. स अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'मॅडम, पी ०.०६ आलाय. अजून दहा मुलांकडून फॉर्म भरून घेऊ का? ०.०५च्या खाली येईल.' पी म्हणजे काय ते आठव: गटांत मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता. ती ०.०५च्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या, खाली आली की आपण निकालाला 'सिग्निफिकंट' म्हणतो. दहा मुलं वाढवलीस तर येईलही. तीच तर अडचण आहे.

मनासारखा छापा पडेपर्यंत नाणं उडवत राहायचं आणि पडला की खेळ बंद, याला आपण रडीचा डाव म्हणतो. डिझर्टेशनमध्ये त्यालाच 'सॅम्पल वाढवलं' म्हणतात. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सॉन या तीन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. प्रत्येक गटात दहा जण घेऊन सुरुवात करा, मग एकेक माणूस वाढला की टेस्ट लावून बघा, पन्नासपर्यंत. मुळात काहीच फरक नसताना २२ टक्के वेळा 'सिग्निफिकंट' हाती लागतं. आपण ५ टक्के धरून बसलेलो असतो. असल्याच पळवाटा वापरून त्यांनी त्याच पेपरात 'सिद्ध' केलं, की बीटल्सचं एक गाणं ऐकून विद्यार्थ्यांचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. तरुण वाटतं असं नव्हे, वयच! वर्गात हे सांगितलं की पोरं खो खो हसतात, आणि महिन्याभरात ०.०६ घेऊन दारात उभी.

मी तरी कुठे शहाणी होते? एम.फिल.ला दोन मुलांचे स्कोअर 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे, म्हणून मी काढून टाकले. दोन्ही माझ्या हायपोथिसिसच्या, म्हणजे गृहीतकाच्या, उलट जाणारे. माझ्या बाजूचे असते तर नजरेला खुपलेच नसते. व्हायव्हात कुणी विचारलं नाही. मला मात्र ते दोन फॉर्म अजून आठवतात.

तुझ्या प्रत्येक गटात तीस मुलं आहेत. मध्यम आकाराचा फरक पकडायला, ८० टक्के पॉवर (म्हणजे फरक असेल तर तो सापडायची शक्यता) हवी तर, गटामागे ६४ लागतात. तिसांत तो खरोखर असला तरी सापडायची शक्यता निम्म्याहून कमीच. हे गणित डेटा गोळा करण्याआधी करायचं असतं. त्यासाठीचं जीपॉवर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आता ०.०६ तसाच लिही, सोबत इफेक्ट साइझ (फरक किती मोठा) आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो) दे. 'जवळजवळ सिग्निफिकंट' मात्र लिहू नकोस, कान धरीन.

सोमवारी ये. आउटपुट नको, भरलेले फॉर्म आण. एकाने सगळ्या प्रश्नांना '३' हेच उत्तर दिलंय म्हणालीस ना? तो ठेवायचा की काढायचा, हे तो कुठल्या गटातला ते न बघता ठरवू.