दक्षिण आफ्रिकेच्या युवा रोजगार धोरणांचा अभ्यास करून करिअर घडेल का?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘आफ्रिकेतील सरकारांची युवा रोजगार धोरणे’ हा विषय घेण्याची माझी इच्छा आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडेच पदवीधर मुले रिकामी बसलेली असताना परदेशाचा अभ्यास कशाला? या विषयाच्या बळावर पुढे काम मिळेल का?

उत्तर : विषय जरूर घ्या, मात्र तो आधी एका देशापुरता आणि मग एका योजनेपुरता मर्यादित करा. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत आणि केनिया किंवा घानातील तरुणांचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेतील तरुणांच्या प्रश्नापेक्षा फार वेगळा आहे. माझी शिफारस दक्षिण आफ्रिकेची आहे, कारण तेथे प्रश्न अतिशय तीव्र आहे, सरकारने अनेक उपाय करून पाहिले आहेत आणि त्यांचे मोजमाप करणारी आकडेवारी तुम्हाला सोलापुरात बसून वाचता येते. तेथील सांख्यिकी विभागाच्या तिमाही श्रमशक्ती पाहणीनुसार २०२५च्या पहिल्या तिमाहीत १५ ते ३४ वयोगटातील बेरोजगारीचा दर ४६.१ टक्के होता. १५ ते २४ वयोगटात तो ६२.४ टक्के होता.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे हा दर काम करणाऱ्यांच्या आणि काम शोधणाऱ्यांच्या संख्येवर काढलेला असतो. शिक्षण घेणारे आणि शोध सोडून दिलेले तरुण त्यात धरलेले नसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे नोकरी नसलेला तरुण शेतीत, भावाच्या दुकानात किंवा हातगाडीवर काही ना काही करतो आणि कागदोपत्री ‘कामात’ धरला जातो. दक्षिण आफ्रिकेत असे असंघटित क्षेत्र तुलनेने लहान आहे. वर्णभेदाच्या काळात, विशेषतः १९५०च्या वस्तीविभाजन कायद्यानंतर, कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरांच्या कडेच्या वस्त्यांमध्ये ढकलले गेले आणि नोकऱ्या मात्र शहरात राहिल्या. केप टाउनजवळच्या खायेलित्शासारख्या वस्तीतील मुलीला अर्ज द्यायला जायचे, तर आधी मिनीबस टॅक्सीचे भाडे जुळवावे लागते. कमावते माणूस घरात नसेल, तर काम शोधणे हाच एक परवडत नसलेला खर्च होऊन बसतो.

सरकारच्या उपायांपैकी अभ्यासाला सर्वांत चांगला विषय मला रोजगार कर सवलतीचा वाटतो. ही योजना जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली. १८ ते २९ वयाच्या, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पगार असलेल्या तरुणाला कामावर घेणारा मालक कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापून दरमहा सरकारकडे भरायच्या करातून काही रक्कम वजा करून घेतो. सुरुवातीला ही रक्कम पहिल्या वर्षी महिन्याला जास्तीत जास्त १,००० रँड (तेथील चलन) आणि दुसऱ्या वर्षी ५०० रँड होती. ती पुढे १,५०० आणि ७५० करण्यात आली. तरुणाच्या हातात यातले थेट काहीच पडत नाही. त्याला घेणे मालकाला स्वस्त पडावे, एवढीच कल्पना आहे. अनुदान मिळणारे तरुण घेऊन वयस्क कामगारांना घरी बसवले जाईल, अशी भीती ‘कोसाटू’ या कामगार महासंघाने आरंभापासून मांडली होती. केप टाउन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी पहिल्या काही महिन्यांचा परिणाम तपासला, तेव्हा तरुणांच्या रोजगारात ठळक वाढ त्यांना आढळली नाही. जे मालक एरवीही तरुणांनाच घेणार होते, त्यांनीच सवलत उचलली का, हा प्रश्न येथे उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत शिकणे हेच तुमचे खरे शिक्षण ठरेल.

घरच्यांच्या आक्षेपाला उत्तर याच ठिकाणी आहे. १ ऑगस्ट २०२५पासून आपल्या केंद्र सरकारने प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू केली असून, तीत नव्या कर्मचाऱ्यामागे मालकाला महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आहे. जो प्रयोग दक्षिण आफ्रिका इतकी वर्षे करत आहे, त्याचा अनुभव समजून घेतलेली मुलगी आपल्याकडच्या योजनेचे मूल्यमापन अधिक जाणतेपणाने करील.

संबंध उलट दिशेनेही आहे आणि सोलापूरच्या विद्यार्थिनीला तो ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात विस्तारलेल्या, वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या रोजगार हमी योजनेतून पुढे ग्रामीण रोजगार हमीचा २००५चा राष्ट्रीय कायदा घडला. दक्षिण आफ्रिकेच्या सामुदायिक कार्य कार्यक्रमाची आखणी करताना त्या भारतीय अनुभवाचा विचार झाला होता. तेथे आठवड्याला दोन दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे १०० दिवस काम देण्याची रचना आहे. मात्र आपल्या २००५च्या कायद्यासारखा मागेल त्याला काम असा कायदेशीर हक्क तेथे नाही.

करोनाकाळात, ऑक्टोबर २०२०मध्ये, राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी जाहीर केलेल्या रोजगार पॅकेजमधून पहिल्याच टप्प्यात सुमारे ३ लाख तरुणांना शाळांमध्ये सहायक म्हणून नेमण्यात आले. वर्गात शिक्षकांना मदत करणे, मुलांकडून वाचन करून घेणे अशी ही उपयुक्त कामे होती, पण नेमणूक काही महिन्यांची होती. आपल्याकडे २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिने पूर्ण होत आल्यावर प्रशिक्षणार्थींनी ‘आता पुढे काय’ असे विचारले आणि मुदत वाढवावी लागली, हे तुम्ही पाहिलेच असेल. किती जणांना नेमले, हा आकडा मंत्रालये हौसेने सांगतात. मुदत संपल्यानंतर वर्षभराने त्यातील किती जण कामावर होते, हा आकडा शोधावा लागतो. तुमच्या प्रबंधाचा प्रश्न मी तोच ठेवीन.

लहान वाटणाऱ्या उपायांकडेही दुर्लक्ष करू नका. ‘एसए यूथ’ या संकेतस्थळावर मोबाइलचा डेटा खर्च न करता नोकऱ्या पाहता येतात. वर सांगितलेल्या खायेलित्शाच्या मुलीसाठी ही सोय मोठी आहे. आधीच्या मालकाचे शिफारसपत्र अर्जाला जोडले की मुलाखतीची बोलावणी लक्षणीय वाढतात, असेही तेथील एका प्रयोगात दिसून आले आहे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. केवळ योजनांची माहिती असल्याने नोकरी मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. धोरण मूल्यमापन करणाऱ्या संशोधन संस्था, राज्यांचे कौशल्य विकास विभाग, स्वयंसेवी संस्था आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसारख्या संस्थांचे प्रकल्प यांना पाहणीची कच्ची आकडेवारी स्वच्छ करून तिच्यावर काम करणारी माणसे लागतात. म्हणून येत्या सत्रात संख्याशास्त्र आणि अर्थमिती पक्के करा आणि ‘आर’ ही मोफत आज्ञावली शिका. केप टाउन विद्यापीठाच्या ‘डेटाफर्स्ट’ या संग्रहावर नोंदणी करून तिमाही पाहणीची एक फाइल उतरवून घ्या आणि वर दिलेला ४६.१ टक्क्यांचा आकडा स्वतः काढून पाहा. तो जुळला की, आपल्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीवर महाराष्ट्रातील तरुणांसाठी तेच गणित करा. या दोन तक्त्यांसह मार्गदर्शकांकडे गेलात, तर विषयाला मान्यता मिळायला अडचण येऊ नये. नोकरीच्या मुलाखतीतही हेच तक्ते दाखवता येतील. पदवीनंतर लगेच परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढू नका. दोन वर्षे एखाद्या क्षेत्रीय पाहणीत काम करा, कारण तरुण माणूस प्रश्नावलीतील ‘गेल्या चार आठवड्यांत काम शोधले का’ या ओळीला उत्तर देताना का अडखळतो, हे तेथेच समजते.