छोट्या फ्लॅटमध्ये आतले सगळे दरवाजे स्लायडिंग करावेत का?

सगळे नकोत. ६५० चौरस फुटांचं टूबीएचके, घरात वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई आणि जागा वाचेल म्हणून डिझायनरने सुचवलेले पाचही दरवाजे स्लायडिंगचे, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात इंटिरिअरची कामं घेतो. जो दरवाजा दिवसभर उघडाच असतो तो सरकता करायला माझी हरकत नसते. ज्याचं कामच नीट बंद होणं आहे, त्याला बिजागऱ्याच बऱ्या.

आधी 'जागा वाचते' हे तपासू. ३ फुटी दार उघडताना साधारण ७ चौरस फूट जमीन खातं, हे खरं. पण बेडरूमचं दार बहुधा भिंतीला टेकून उभं राहतं आणि तिथे तुम्ही तसंही काही ठेवत नाही. उलट सरकत्या दाराला शेजारी तेवढीच, म्हणजे ३ फुटांहून थोडी जास्त, मोकळी भिंत लागते. त्या भिंतीवर ना कपाट, ना स्विचबोर्ड, ना फोटो. जमीन वाचवून भिंत घालवायची, असा हा सौदा आहे. लहान फ्लॅटमध्ये भिंतीच कमी असतात, हे डिझायनर लोक सोयीस्कर विसरतात.

दुसरं आवाजाचं. चौकटीच्या खाचेत बसणारं दार आवाज जितका अडवतं तितका भिंतीवरून सरकणारं दार अडवत नाही, कारण चारी बाजूंनी फट राहते. ब्रशची पट्टी लावली तर धूळ आणि एसीची हवा थोडी अडते. बाहेरची मालिका आणि आतली ऑनलाइन मीटिंग मात्र एकत्रच ऐकावी लागते. म्हणून दोन्ही बेडरूमना साधा, बिजागऱ्यांवरचा फ्लश डोअरच (सपाट लाकडी दार) ठेवा.

सासूबाईंच्या बाथरूमला मात्र मी जरूर स्लायडिंग करीन. आपल्याकडे बाथरूमचं दार आत उघडतं. आत कुणी पडलं की दार त्याच माणसाला अडतं आणि बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. बाहेर उघडणारं दार केलं तरी हा प्रश्न सुटतो, खर्चही कमी. पण पॅसेज ३ फुटी असेल तर उघडं दार रस्ताच अडवतं. शिवाय वॉकर धरलेल्या माणसाला दार ओढताना मागे सरकावं लागतं, आणि तोल जायला तेवढं पुरतं. सरकत्या दाराला मागे सरकावं लागत नाही.

इथे दार पॅसेजच्या बाजूने, भिंतीच्या बाहेरून सरकवा. बोट घालून ओढायचं खोलगट हँडल म्हाताऱ्या बोटांना जमत नाही, उभं दांड्याचं लावा. मात्र आतल्या बाजूचा दांडा चौकटीला अडतो, त्यामुळे उघडल्यावर ३-४ इंच वाट कमी मिळते. अडीच फुटांच्या दारात उरले २६-२७ इंच. वॉकरला चालेल, पण व्हीलचेअरच साधारण २५-२६ इंच असते. भिंत काँक्रीटची नसून ब्लॉकची असेल तर आत्ताच दाराची जागा ३ फूट करून घ्या. कडी अशी निवडा की बाहेरून नाणं घालून फिरवता येईल.

स्वयंपाकघराला काचेचा स्लायडर छान. फोडणीच्या वेळी ओढून घ्यायचा, एरवी उघडा. काच टफन्डच हवी.

कुठेही करा, वजन वरच्या ट्रॅकवर टांगलेलं हवं. खाली जमिनीवर फक्त एक छोटा गाइड. खालच्या ट्रॅकमध्ये केस, कणीक, धूळ सगळं साचतं आणि सासूबाईंचा पाय अडकतो तो वेगळाच. ३ बाय ७ फुटांचा ३५ मिमी फ्लश डोअर ४० किलोच्या आसपास भरतो, तेवढीच १० मिमी काच ५० किलोपर्यंत. त्यामुळे ८० किलोचं फिटिंग घ्या.

खरी मेख ट्रॅक कशात बसतो यात आहे. ट्रॅकची लांबी दाराच्या दुप्पट. त्यातला अर्धा भाग लिंटेलवर, म्हणजे दाराच्या वरच्या आडव्या पट्टीवर येतो, काँक्रीटमध्ये. उरलेला अर्धा ब्लॉकच्या भिंतीवर. एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा) मऊ असतो, त्यात साधा स्क्रू कालांतराने ढिला होतो आणि दार एका बाजूला झुकतं. आधी पूर्ण लांबीचा लोखंडी चौकोनी पाइप भिंतीला जागोजागी पकडवून घ्या, ट्रॅक त्यावर. पीओपीच्या छताला लटकवतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

भिंतीच्या आत गुडूप होणारं दार हवं असेल तर ४ इंची भिंतीत ते मावत नाही, भिंत जाड करावी लागते. आणि बिल्डिंग मायवान शटरिंगची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेली, असेल तर विषयच संपला: त्या भिंती काँक्रीटच्या, इमारतीचा भार पेलणाऱ्या, त्यांना हात लावायचा नाही. तेव्हा बिल्डरकडून आधी भिंतींचा नकाशा मागवा. दारांचा निर्णय इलेक्ट्रिशियन झिऱ्या (वायरसाठी भिंतीत खाचा) मारायला येण्यापूर्वी झाला पाहिजे, कारण बाथरूमशेजारचा स्विचबोर्ड नेमका दार सरकतं त्याच भिंतीवर असतो.